नानक जेवायला गेले नाहीत

वहिनींनी माझ्या हातात कागदी प्लेट दिली आणि बाल्कनीचं काचेचं दार सरकवलं.

"मावशी, तुम्ही इथे बसा. निवांत जेवा."

गौरी जेवणाचा दिवस होता. डिस्कव्हरी गार्डन्समधला त्यांचा फ्लॅट पाहुण्यांनी भरला होता. आत पाट मांडलेले, रांगोळ्या काढलेल्या, ताटं स्टीलची, वाट्या स्टीलच्या. माझ्याबरोबर कामाला असलेली नेपाळची सुनीतासुद्धा ओट्यापाशी उभी राहून स्टीलच्या ताटात जेवत होती. बाहेर मी एकटी. एका बाजूला कपडे वाळत घालायचा स्टँड, दुसऱ्या बाजूला पोरीची सायकल. सप्टेंबर महिना, भर दुपार. दुबईचा सप्टेंबर ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. कटाची आमटी वाढली तशी प्लेट मऊ पडून वाकायला लागली. एक हात ती सावरण्यात गेला. दुसऱ्या हातानं पोळी मोडेना.

पोळी माझीच होती. पहाटेपासून पुरण वाटलं मी, कणीक तिंबली मी, लाटलं, भाजलं मी. फक्त नैवेद्याच्या पोळ्या वहिनींनी आधीच आपल्या हातानं करून झाकून ठेवल्या होत्या. त्या झाल्या मगच मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझ्या हातची पोळी अर्ध्या दुबईच्या ऑफिसांना चालते, वहिनींच्या गौरीला चालत नाही.

त्यांची मुलगी तन्वी काचेपाशी आली. सहावी-सातवीतली पोर. आत वळून म्हणाली, "मम्मा, व्हाय इज शी ईटिंग आउटसाइड? इट्स सो हॉट."

वहिनी म्हणाल्या, "त्यांना एसी सोसत नाही बेटा."

मला एसी सोसत नाही. रास अल खोरला वहिनींचं डब्यांचं किचन आहे, गॅरेजच्या आणि गोडाऊनच्या रांगेत. तिथं दिवसभर मी तव्यापुढे उभी असते. एसी मला सोसतो की नाही ते कळायला तो आधी मिळायला हवा होता. मला हसू आलं. मग प्लेट बाजूला ठेवावीशी वाटली. पण मी जेवले. भूक होती, आणि नोकरी होती.

जात त्यांनी कधी विचारली नव्हती. शिकलेली माणसं जात विचारत नाहीत. पहिल्या दिवशी माझा पासपोर्ट उलटून आडनाव वाचलं आणि म्हणाल्या, "बुलढाण्याकडच्या का तुम्ही? अच्छा. तुमच्यात गौरी बसतात का हो?"

मी म्हटलं, "आमच्यात नाही."

"अच्छा," त्या म्हणाल्या. झालं. संपली चौकशी. दुसऱ्या दिवशी किचनमधल्या माझ्या पाण्याच्या ग्लासला लाल चिकटपट्टी लागली होती. मला वाटलं, नव्या माणसाचा ग्लास ओळखू यावा म्हणून असेल. मग सुनीता माझ्यानंतर दोन महिन्यांनी आली. तिच्या ग्लासला पट्टी नव्हती.

तोंडावर मात्र मावशी. गिऱ्हाईक आलं की, "ही आमची मावशी, घरच्यासारखी." घरच्यासारखी म्हणजे घरात नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी गप्प राहिले त्याला कारण होतं. नवऱ्याची कंबर गेली तेव्हापासून घरात कमावणारी मी एकटी. माझी पोर पल्लवी अकोल्याला नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर राहते. तिची फी माझ्या व्हिसावर चालते. आणि व्हिसा वहिनींच्या हातात. एवढं साधं गणित आहे. ते मांडलं की बाई बाल्कनीत जाऊन बसते.

नोव्हेंबरात गुरू नानकांची जयंती आली. वहिनींचा मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. दर वर्षी ग्रुप काहीतरी चांगलं काम करतो आणि त्याचे फोटो काढतो. या वर्षी ठरलं, गुरुद्वारात लंगरची सेवा करायची. लंगर म्हणजे तिथला जेवणाचा भंडारा, येईल त्याला रोज मिळतं. हजारो रोट्या लागतात. रोट्या म्हटल्यावर वहिनींना मी आठवले.

डब्याच्या व्हॅनमधून निघालो. मुनाफभाई गाडी चालवत होते. ते दापोलीचे, आमच्या डब्यांची डिलिव्हरी करतात. मागच्या सीटवरून वहिनी मैत्रिणींना सांगत होत्या, "तिथे ना सगळे सेम असतात. श्रीमंत, गरीब, एकाच लाइनीत खाली बसून जेवतात. मला हे यांचं फार आवडतं, रिअली."

मुनाफभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं.

गुरुद्वाराचं स्वयंपाकघर पाहून मी हबकले. कणकेचे डोंगर, घमेल्याएवढे तवे, आणि बायका-पुरुष मांडीला मांडी लावून रोट्या लाटताहेत. कोण मालक, कोण नोकर, काही कळेना. डोक्यावर ओढणी घेऊन मीही बसले. वहिनींनी ग्रुपबरोबर लाटणं हातात धरून फोटो काढले आणि मग वाढायला गेल्या. वाढण्याचे फोटो जास्त छान येतात.

माझ्या शेजारी परमजीत नावाची बाई होती. माझ्याच वयाची. होशियारपूरकडची, इथे एका शाळेत साफसफाई करते. तिचे हात चालत होते आणि तोंडही. भिंतीवर नानकांचं चित्र होतं, शेजारी एक माणूस वाद्य वाजवत बसलेला. मी विचारलं, हा कोण. म्हणाली, "मरदाना. मुसलमान था. सारी उमर साथ घूमे दोनों." मग विचारायचीही गरज पडली नाही. नानकांना लहानपणी जानवं घालायला ब्राह्मण आला तर पोरानं घालू दिलं नाही, हे सांगितलं. म्हातारपणी नदीकाठी स्वतः शेती केली, आणि जो येईल त्याला पंगतीत बसवलं, हे सांगितलं. आणि मग लालोची गोष्ट.

लालो सुतार होता. गरीब आणि खालच्या जातीचा. नानक गावात आले आणि त्याच्या घरी उतरले. त्याची कोरडी रोटी खात राहिले. त्याच गावात मलिक भागो म्हणून मोठा अंमलदार होता. त्यानं मोठं जेवण घातलं, चारी वर्णांना बोलावलं, नानकांनाही बोलावलं. नानक गेले नाहीत. भागोनं माणसं पाठवून त्यांना आणवलं आणि विचारलं, "सुताराकडे जेवता, माझ्याकडे का नाही?" पुढे चमत्कार आहे. नानकांनी एका हातात लालोची रोटी घेतली, दुसऱ्या हातात भागोची, आणि दोन्ही पिळल्या. लालोच्या रोटीतून दूध आलं आणि भागोच्या रोटीतून रक्त.

परमजीतला तो चमत्कार फार प्रिय. सांगताना तिचे डोळे मोठे झाले. मला दूध-रक्ताचं काही पडलं नाही. चमत्कारांनी आमच्या वस्तीचं काही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच अडकलं की जेवणाचं बोलावणं आलं आणि हा माणूस गेला नाही. मोठ्याच्या घरचं अन्न नाकारता येतं. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, मिळतंय ते खा.

रोट्या झाल्या. हॉलमध्ये पंगती बसत होत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. परमजीत म्हणाली, "बैठ ना." मी म्हटलं, "हमारा बाद में." आमची पंगत नंतर असते. गावात असते, लग्नात असते, सगळीकडे असते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझं मनगट धरलं आणि मला रांगेत बसवलं. स्वतः माझ्या डाव्या बाजूला बसली. माझी उजवी बाजू रिकामी होती.

समोर स्टीलचं ताट आलं. डाळ आली, भाजी आली. मग एक तरुण सरदारजी रोट्यांची परात घेऊन आला. मी ताट पुढे केलं. परमजीत म्हणाली, "हाथ. दोनों हाथ." मी दोन्ही हात पुढे केले. आणि त्यानं रोटी वरून टाकली.

वरून. हाताला हात लागणार नाही इतक्या उंचीवरून.

माझ्या अंगाचा भडका उडाला. गावात पाटलाच्या घरचं लग्न असलं की आम्ही पोरं आईबरोबर वाड्यामागं जाऊन बसायचो. वाढणारा यायचा आणि वरून टाकायचा. भात वरून, बुंदी वरून, पाणी ओंजळीत वरून. आईचा पदर पसरलेला असायचा. एकदा बुंदी पदराबाहेर मातीत पडली तर आई ती वेचत बसली, आणि वाढणारा हसला. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. इतकं समुद्रापार येऊन, ज्या माणसाच्या नावानं सगळे सारखे म्हणतात त्याच्या घरी, तेच.

मी हात मागे घेतले. रोटी ताटाबाहेर पडली. मी उभी राहिले आणि ओरडलेच, "ऊपर से क्यों डालते हो?"

तो पोरगा घाबरला. त्याला काय चुकलं तेच कळेना. म्हणाला, "बीबीजी, सबको ऐसे ही देते हैं।"

मी रांगेकडे बघितलं. पार टोकापर्यंत. सगळ्यांचे हात पुढे होते. मळक्या निळ्या कपड्यातले लेबर कॅम्पचे मजूर, एक गोरी बाई, सोन्याचं घड्याळ घातलेला सुटातला माणूस. सगळ्यांनी दोन्ही तळवे उघडे धरलेले आणि सगळ्यांच्या हातात रोटी वरूनच पडत होती. तो सुटातला माणूस तर मान खाली घालून घेत होता.

मी खाली बसले. मला लाज वाटली आणि मग रडू आलं. पडलेली रोटी परमजीतनं उचलून आपल्या ताटात घेतली. मी पुन्हा हात पुढे केले. वरून पडलेली ती पहिली रोटी, जी मी मान वर करून खाल्ली.

तेवढ्यात वहिनी आल्या. वाढून झालं होतं. सेवादारानं माझ्या उजवीकडची रिकामी जागा दाखवली, "बैठिए जी, इधर।" वहिनींनी जागा बघितली, मला बघितलं. हसून म्हणाल्या, "नो नो, माझा आज उपास आहे."

थोड्या वेळानं मी पाणी घ्यायला मान वळवली. मागच्या रांगेत, मैत्रिणींच्या मधोमध वहिनी बसल्या होत्या. दोन्ही हात पुढे करून रोटी घेत होत्या.

त्या क्षणी मला स्वच्छ कळलं. वहिनींना लंगर चालतो, नानक चालतात, वाढायला चालतं, अनोळखी मजुराच्या शेजारी बसायलाही चालतं. कारण त्याचं आडनाव त्यांना कळत नाही. माझं कळतं. हजारो मैल ओलांडून त्यांनी बरोबर आणलंय ते हेच. आणि मी बाल्कनीत बसून ते इतके दिवस जपत आले. ते बंद करणं तेवढं माझ्या हातात होतं.

डिसेंबरात साहेबांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, नवी डिलिव्हरी व्हॅन घेतली. फ्लॅटवर सत्यनारायण घातला. पुन्हा पाहुणे, पुन्हा मी पहाटेपासून ओट्याशी. सगळ्यांची पानं वाढून झाली आणि वहिनी कागदी प्लेट घेऊन आल्या.

मी म्हटलं, "वहिनी, मला नको."

"का? उपास आहे का?"

"नाही. उपास तुमचा असतो."

त्यांचा चेहरा उतरला. हॉलमधल्या दोघीतिघींनी माना वळवल्या. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "काम करीन. आज केलंय, उद्याही करीन. पण तुमच्या घरचं जेवणार नाही. बाल्कनीतही नाही."

एक पाहुणी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "अहो मावशी, पेपर प्लेट हायजिनिक असते."

"मग सगळ्यांना द्या," मी म्हटलं.

तन्वी आपल्या ताटाकडे बघत बसली होती. दोन-तीन महिन्यांत तीही शिकली होती.

साहेबांनी मला स्वयंपाकघरात नेलं. "मावशी, पूजेच्या दिवशी तमाशा करायचा नसतो. आम्ही कधी काही बोललो का तुम्हाला?" खरं होतं. कधी काही बोलले नव्हते. वहिनी मागून आल्या. इतक्या दिवसांचं 'तुम्ही' गळून पडलं होतं. "तुला इथे कोणी आणलं? कोणामुळे दोन पैसे बघतेस? फेब्रुवारीत तुझा व्हिसा संपतोय ना? आम्ही रिन्यू करणार नाही. जा."

मी ओटा पुसला, हात धुतले आणि खाली आले. मुनाफभाई नव्या व्हॅनपाशी उभे होते. व्हॅनला हार घातलेला. माझं तोंड बघून त्यांनी दार उघडलं. कुठे जायचं ते विचारलंही नाही.

व्हिसा संपेपर्यंत रास अल खोरचं काम चालूच होतं. मुनाफभाईंनी माझ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला. मराठी मेसवाले, केटरिंगवाले. आधी म्हणाले, "ताई, इन्शाल्ला होईल कुठंतरी." आठवडाभरानं म्हणाले, "ताई, खलास. मेसवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तुमचं नाव फिरलंय. भांडकुदळ बाई आहे, घेऊ नका." दुसरं काम शोधायला माझ्याकडे दुसरी ओळख नव्हती. मराठी बाईला मराठी माणसंच काम देतात इथे. म्हणून तर मी आले होते.

सुटीच्या दिवशी गुरुद्वारात गेले. परमजीत होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मैं सिख बन जाऊँ तो?" खरंच विचारलं. माझ्या मनात त्या दिवसापासून ते होतं. जिथं सगळ्यांचे हात सारखे पुढे येतात तिथंच राहावं.

परमजीत लाटायची थांबली. पहिल्यांदाच तिचे हात थांबलेले मी पाहिले. म्हणाली, "बहन, हमारे गाँव में दो गुरुद्वारे हैं। एक ज़मीनवालों का, एक हमारा। श्मशान भी अलग।"

"और नानक?"

"दोनों में उन्हीं की फोटो है।" मग म्हणाली, "यहाँ कोई पूछता नहीं तो अच्छा लगता है। इसलिए छुट्टी के दिन यहाँ आती हूँ। गाँव जाऊँगी तो फिर वही।"

आणि ती पुन्हा लाटायला लागली. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी तो माणूस भागोच्या जेवणाला गेला नाही, आणि भागोची माणसं त्याच्याच नावानं देऊळ बांधून दारात उभी राहिली. मला कुणाचाच आधार उरला नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि लाटणं हातात घेतलं.

संध्याकाळी पल्लवीला फोन केला. व्हिसाचं सांगितलं. पुढच्या वर्षाच्या फीचं माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, तेही सांगितलं. ती म्हणाली, "आई, एका प्लेटसाठी?"

मी म्हटलं, "हो."

"जेवण तर तेच होतं ना." तिचा आवाज फाटला. "मी ओढतेच आहे की इथं. मी तुला कधी काही बोलले का?"

"काय ओढतेस?"

सांगायला तयार नव्हती. मग सांगितलं. हॉस्टेलच्या खोलीत तिची बाटली वेगळी ठेवतात. मेसमध्ये शेवटचं टेबल आहे, हात धुवायच्या बेसिनपाशी. आपल्यातल्या आणखी तीन मुली तिथंच बसतात. कुणी बसवलेलं नाही. पहिल्या दिवशी ती मधल्या टेबलावर बसली होती. बाकीच्या हळूच ताटं घेऊन उठल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आपणहून बेसिनपाशी जाते. माणसांना बरं करायचं शिक्षण घेणाऱ्या मुली आहेत त्या.

मला वाटत होतं, मी बाल्कनीत बसते ते तिला बसायला लागू नये म्हणून. माझ्या बसण्यातून तिच्यासाठी बेसिनपाशी जागा तयार झाली होती. मला ओरडून रडावंसं वाटलं. रडले नाही.

मी म्हटलं, "उद्या मधल्या टेबलावर बसायचं."

"त्या उठून जातील आई."

"जाऊ देत."

"रोज जातील."

"रोज बसायचं. त्या तिघींनाही घेऊन बसायचं."

"आणि वॉर्डननं मलाच भांडखोर ठरवलं तर? काढलं तर?"

"तर घरी ये. मी येतेच आहे."

"घरी येऊन काय करू? घरी काय आहे?"

घरी काही नाही. तिलाही माहीत होतं, मलाही. कंबर धरून पडलेला बाप आहे, गाव आहे, पाटलाच्या घरची लग्नं आहेत. खोटं बोलावं असं एकही वाक्य मला सुचलं नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "उद्या दुपारी किती वाजता जेवता तुम्ही?"

"एक."

"म्हणजे माझे साडेअकरा. मी तव्यापुढे असेन. बसलीस की फोन कर. ताट समोर घेऊन, मधल्या टेबलावरून कर."

ती हो म्हणाली नाही. रडत होती. मी फोन ठेवला नाही.

"मधल्या टेबलावरून," मी पुन्हा म्हटलं.